खरखरीत बाजू

वाजिदच्या दुकानात दोन प्रिंटर शेजारी शेजारी.
एकाला शाईच्या टाक्या, एकाला डिस्कचा ट्रे.
टाकीवाल्याला ट्रे नाही, ट्रेवाल्याला टाकी नाही,
माझ्या पेन्शनीला दोन्ही परवडत नाहीत.

"मॅडम, डिस्कवर आता कोन छापायलंय?"
वाजिद विचारतो आणि चहा सांगतो.
पूर्ण्याचा एक लग्नाचा स्टुडिओ बंद पडला,
तिथला हा ट्रेवाला. झाकणावर पिवळा डाग,
हळदीचा की नुसत्या वयाचा, कळत नाही.

मी सांगते: जिंतूर रोडची शाळा,
न दिसणाऱ्या मुलांचं वसतिगृह.
तिथं मोबाइलला बंदी, देणगीतले तीन प्लेअर चालतात.
मी त्यांना भूगोल वाचून देते,
दुपारी, पंखा बंद करून,
नाहीतर पंख्याची घरघर गोदावरीच्या खोऱ्यात शिरते.
मे महिन्यात पाठ संपेपर्यंत
माझ्या पाठीवरच खारे वारे, मतलई वारे.
तरी भाग तीनमध्ये एक भंगारवाला ओरडून गेलाच.
मुलं म्हणाली, राहू द्या बाई तो.

आधी मार्करनं लिहायचे.
घामेजल्या बोटांनी अक्षरं उशांवर जायची.
मग गोल स्टिकर आणले. एक स्टिकर एप्रिलमध्ये
प्लेअरच्या पोटात सुटलं
आणि चौथा प्लेअर घेऊन गेलं.
म्हणून ही छपाई.

वाजिद माळ्यावर चढतो ट्रे शोधायला.
वरून धूळ येते, आवाज येतो,
"ट्रे नसला तर हे नुसतं स्टूल हाय, मॅडम."
सापडतो. ताटलीएवढा, मध्ये एक खुंटी.
सहा रंगांच्या सहा डब्या.
मला लागणार फक्त काळा,
पण एक संपली की बाकीच्या पाच अडून बसतात,
भाऊबंदकीतल्या सातबाऱ्यासारख्या.
"आन् आठ दिवसाला एक रेघ तरी मारत जा,
न्हाई तर तोंड वाळतंय ह्याचं."
माझंही, मी म्हणाले.

डिस्क दोन जातींच्या.
चकचकीत पांढरी, तिच्यावर फोटो उठून दिसतो.
आणि साधी, खडूसारखी, नगामागे तीन रुपयांनी कमी.
फोटो कोण बघणार होतं?
साधीच्या पन्नास घेतल्या.

पहिली छपाई अर्धा बोट सरकली.
"भूगोल"मधला "गो" मधल्या भोकात पडला,
राहिलं ते "भूल".
ती डिस्क मी टाकली नाही, कपाटावर ठेवली.
दुसरी बरी आली. तिसरी सरळ.

शनिवारी प्रयागाबाई मुंजाला घेऊन आली.
नववीतला. डिस्कचा डबा तोच नेतो, दुसऱ्याला देत नाही.
वरची डिस्क उचलली, अंगठा फिरवला, आणि थांबला.
"बाई, ही वरची बाजू."
कशावरून?
"खरखरीत हाय. पाटीवानी.
जुनी दोनीकडून तेलकट होती.
अर्ध्या वेळा उलटीच बसायची,
मंग आम्ही समदे गप बसायचो,
वाटायचं, बाई बोलंनात."

पाच हजार आठशेचा प्रिंटर,
वॉर्डनला नाव वाचता यावं म्हणून.
आणि मुंजाला हवं ते
शाई लागायच्या आधीच डिस्कवर होतं,
तीन रुपये स्वस्त.

शाई अजून ओली होती.
त्याच्या अंगठ्यावर "भाग चार" उलटा उमटला.
मी सांगितलं. तो हसला, अंगठा नाकाशी नेला.
"आन् मधल्या भोकावर काय छापलं?"
तिथं काही छापता येत नाही रे.
करंगळी भोकात घालून त्यानं डिस्क जरा फिरवली.
"मंग तेवढं तुम्हाला आन् मला सारखंच."

प्रयागाबाईनं ओल्या फडक्यानं अंगठा घासला.
शाई निघाली नाही.
ते गेले तेव्हा चार वाजले होते.
रस्त्यावर लोखंड-पत्रा-रद्दीचा आवाज जवळ येत होता.
पाठ अकरावा.
पंखा बंद केला मी,
खिडकी राहू दिली.